तरवडाचा कान

कुठलंही झुडूप दिसलं की आमची धाकटी जाऊ आधी त्याचा कान धरायची. म्हणजे पानाचा देठ फांदीला जिथे जुळतो, तिथे चिमटीत धरून बघायची. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या लग्नसराईत ती माणदेशाच्या कोरड्या माळावरून आमच्या कसबा बावड्यात आली, ती ट्रंकेत लुगड्यांबरोबर तरवडाच्या चपट्या, वाळक्या शेंगा घेऊन. मी थोरली. मला हसू आलं.

माझ्या जास्वंदीला मी विहिरीचं पाणी ओढून ओढून घालायची. तिनं बिया गोठ्यामागच्या मुरमात फेकल्या आणि पाण्याचं नाव काढलं नाही. विचारलं तर म्हणाली, "लाडावलं की मरतंय, आक्का. ऊन पिऊन वाढतंय त्ये."

आणि मेलं खरंच वाढलं की! नवरात्रात पिवळंधमक फुललं. सासूबाई विरघळल्याच, त्यांच्या माहेरी घटाला तरवडाचीच माळ असायची. "धाकटे, घटाची माळ आता तुझ्याकडं," त्यांनी सांगून टाकलं. इतकी वर्षं ती माळ माझी होती. त्या दिवशी तव्यावरच्या भाकरीपेक्षा मीच जास्त करपले.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप माळावर गेले, ओटीभर पिवळी फुलं आणली, डहाळ्यांसकट माळ ओवली आणि ऐटीत घटापुढे उभी राहिले. सासूबाई यायच्या होत्या. धाकटीनं माळेतली डहाळी उचलली, चिमटीत धरली.

"आक्का, ह्याला कान कुठं हायत?" ती हळूच म्हणाली. "तरवडाच्या देठाबुडी गोल कान असत्यात, साल तांबूस असती. ह्यो कासविंदा. पान चुरगाळून वास घ्या की."

घेतला. शी!

ती गोठ्यामागच्या परड्यात पळाली, खऱ्या तरवडाची माळ घेऊन आली आणि सासूबाईंना म्हणाली, "आक्कांनी ओवलीया." भांडली असती तर बरं वाटलं असतं हो! चांगुलपणाशी भांडायचं कसं?

पुढे दिरांना सोलापूरकडे नोकरी लागली. टांग्यात बसताना ती म्हणाली, "आक्का, पानी घालू नगासा." मी मान डोलावली. मनात म्हटलं, चला, माळ परत आली.

त्या नवरात्रात एकेका डहाळीचा कान तपासून मी माळ ओवली. सासूबाईंनी ती हातात घेऊन निरखली. "धाकटी आली व्हय?"

"न्हाय, मीच ओवलीया."

"मग लई चांगलं शिकवून गेली की तुला!"

एवढ्या लांब जाऊनही कौतुक तिनंच नेलं. मी तणतणत परड्यात गेले आणि तरवडाचा कान पिरगाळला. हलकेच.