फटफटीवरून कोंढाळी, आणि तिला उचलायची रीत

चि. गोदी, तुझं पत्र दिवाळीत आलं आणि मी उत्तराला बसलो तेव्हा संक्रांत तोंडावर आली आहे. रागावू नकोस. दोनदा लिहायला घेतलं, पण तू विचारलं होतंस, ‘दादा, आमचा मनोहर फटफटी घ्यायची म्हणतो, पोराला घेऊ देऊ का?’ यावर न बघता, न बसता मी काय लिहिणार? आता बसून आलो आहे. कोंढाळीला जाऊन आलो आणि हाडं जागेवर आहेत. माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंतचं, तेव्हा मागंपुढं झालं तर सांभाळून घे. आणि हे सगळ्यांना वाचून दाखव, कारण मनोहर त्याच वाटेनं येईन म्हणतो.

आमच्या वसंतानं लढाईनंतर लष्करी मालातली एक जुनी फटफटी घेतली. संत्र्याच्या अडत्याकडे त्याची नोकरी, बागा बघत हिंडावं लागतं. मला काही ते पटलं नाही. तो निघाला की मी ओट्यावर, आणि तो येईपर्यंत ओट्यावरच. तुझी वहिनी म्हणते, तुम्ही तिथं बसल्यानं गाडी सरळ चालते का? एके दिवशी वसंताच म्हणाला, “बाबा, तुमी एकदा माझ्यामागं बसून कोंढाळीले चला. वापस आल्यावर ‘नको’ म्हनसान, तर मी विकून टाकीन. पुन्हा नाव काढनार नाई.”

म्हणजे त्या फटफटीचा निकाल माझ्या हाती आला. पोरगं बोललं हसत, पण डोळे हसत नव्हते.

महालातल्या आपल्या घरून सकाळी ऊन अंगावर आल्यावर निघालो. थंडीत त्याआधी निघू नका, बोटं आखडतात. मी कानाला मफलर, कोटाच्या आत वर्तमानपत्र, पिशवीत तुझ्या वहिनीच्या दशम्या आणि एक लांब दोर घेतला. दोर बघून वसंता म्हणाला, “हे कायले?”

“असू दे.”

“फटफटीवरून कोनी विहिरीत उतरते का बाबा?”

मी दोर पिशवीत खाली सारला. किराणा दुकानात पुड्या बांधण्यात माझा जन्म गेला. दोर जवळ असला की मला बरं वाटतं.

या गाडीचा आवाज फार आहे. मूळचा सायलेन्सर गंजून गेला होता, म्हणून वसंतानं जुन्या बाजारातून दुसऱ्याच कुठल्या गाडीचा लांबलचक पाइप आणून बसवून घेतला. तो नीट जमेना, म्हणून मिस्त्रीनं तो इंजिनाच्या खालून आडवा काढून मागं नेला, आणि मागच्या चाकाचा स्टँड त्याला अडतो म्हणून स्टँडच काढून टाकला. तेव्हापासून ती कुठंतरी टेकवून ठेवावी लागते. आपल्याला हे आधी कळत नाही गोदी, काम पडलं की कळतं.

वाडी गावापर्यंत मी डोळे मिटून होतो. तिथं बंड्यांची रांग लागली होती, बैल आमच्या आवाजानं बिचकले आणि एका गाडीवानानं आम्हाला मनसोक्त शिव्या दिल्या. त्यानंतर रस्ता मोकळा झाला. खडी बरी आहे, मधे मधे नुसती धूळ. बाजारगावात चहा घेतला, एक आणा कप, पण दूध चांगलं. पेट्रोल मात्र वाटेत मिळेल या भरवशावर निघू नका, अजून कुपनाशिवाय देत नाहीत. बाजारगावच्या पुढे टेकड्या आणि सागाचं रान लागतं, हवा एकदम गार होते. तिथं मी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून बघितलं. वसंताची पाठ माझ्यापुढं होती. रुंद झाली आहे गं. मला वाटत होतं अजून बारकीच आहे.

कोंढाळीच्या अलीकडे बाभळीचा काटा मागच्या चाकात गेला. जवळच झिबल नावाच्या शेतकऱ्याची संत्र्याची बाग होती, वसंता त्याला ओळखतो. गाडी ढकलत त्याच्या अंगणात नेली. पंक्चर काढायला मागचं चाक सोडवायचं, म्हणजे गाडीचं मागचं अंग उचलून धरायला हवं, आणि स्टँड तर नाही.

झिबल म्हणाला, “त्यात काय गा! रोज बंडी उचलतो आमी.”

बंडीच्या चाकाला वंगण घालताना ते खांदा लावून एक बाजू उचलतात आणि आसाखाली बाभळीचा टेकू देतात. चाकं ज्यावर फिरतात तो आस, सगळ्यात खालचं आणि सगळ्यात भक्कम लाकूड. झिबलनं फटफटीच्या खाली वाकून पाहिलं. सगळ्यात खाली आडवा जाड लोखंडी पाइप. “हा पाहा आस,” म्हणाला, आणि टेकू थेट सायलेन्सरखाली दिला.

“झिबलजी, आधी दोर बांधा,” मी म्हटलं.

“बुढेबा, तुमी सावलीत बसा ना. काहून घाबरून राहिले?”

दोन गड्यांनी मागून उचललं, टेकू बसला, सगळे हात झटकून हसले. वसंता चाकाशी उकिडवा बसून नट सोडवू लागला. मला काही सुचेना, म्हणून मी त्याच्या मागं उभा राहून त्याचा सदरा मुठीत धरला. गडी हसायला लागले. “बाप्पा, लेकरू हरवन का मोठे बाबा?” वसंताचे कान लाल झाले. “बाबा, सोडा ना!” मी सोडला नाही.

पाइप काय भार घेणार? तो नुसता पट्टीनं बांधलेला. पट्टी कट्‌ करून तुटली, पाइप वाकला, टेकू निसटला, आणि गाडी वसंताच्या बाजूला कलली. मी ओढलं. सदरा खांद्यापासून फाटला, आम्ही दोघे मातीत पडलो, आणि वसंताचे हात जिथं होते तिथं गाडी आदळली.

तेवढ्यात पेट्रोलचा वास आला. टाकीतून थेंब गळत होते, पाइप अजून तापलेला, आणि झिबलच्या तोंडात पेटलेली बिडी.

“बिडी! बिडी फेका तिकडं!” मी ओरडलो. वसंतानं धावत जाऊन पेट्रोलची तोटी बंद केली. त्याचे दोन्ही हात धड हलताहेत हे मी बघून घेतलं. मी तुळशीपाशी बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही.

मग झिबलची बायको सखूबाई ओसरीवरून म्हणाली, “अवो, कापसाचा काटा काहून नाई लावत? एवढाले बोजे उचलते थो.”

झिबल तिच्याकडं बघत राहिला. “आधी काहून नाई सांगतलं वं?”

“तुमी आस शोधून राहिले होते ना!”

पण कुणीही घाई केली नाही. पाइप थंड होईपर्यंत जेवलो. ज्वारीची भाकर, वांगं आणि तुरीच्या सोल्यांची भाजी, वर ठेचा. झिबल मला सारखी भाकर वाढत होता. मला माफ करा असं त्याला म्हणता येत नव्हतं, म्हणून वाढत होता. मी खाल्ली.

जेवणानंतर त्यांनी कापूस तोलायची तिकाटी आणली, तीन भक्कम लाकडी बल्ल्या वरच्या टोकाला एकत्र बांधलेल्या आणि मधे लोखंडी कडी. मनोहरनं पुढचं नीट ऐकावं. गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी केली आणि पुढच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावले. एक जण हँडल धरून. तिकाटी अशी ठेवली की कडी बरोबर गादीच्या मागच्या भागावर येईल. माझा दोर गोणपाटाच्या घडीवरून गादीखालच्या मूळ सांगाड्याला बांधला, पाइपाला नाही, चाकावरच्या पत्र्याला नाही, गादीलाही नाही. गाठ मी मारली. कडीतून दोर ओढून मागचं चाक चार बोटं उचललं आणि दोराचं टोक झाडाला पक्कं केलं. तरी कुणाला खाली हात घालू दिला नाही. इंजिनाच्या खाली सांगाड्याच्या दोन जाड नळ्या आहेत, गाडीचा भार घेणाऱ्या त्याच. त्या दोन्हींवर टेकेल असा बाभळीचा ठोकळा झिबलनं स्वतः तासला आणि पाइप जातो तिथं मधे खोल खाच पाडली, म्हणजे पाइप ठोकळ्याला शिवायलाच नको. ठोकळा सरकवला, दोर तसाच ताणलेला ठेवला, गाडी दोघांनी हलवून पाहिली. हलली नाही. तेव्हा मी वसंताला म्हटलं, “आता बस.”

तो बसला. मी पुन्हा मागं उभा राहिलो. सदऱ्याला आता धरण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. वसंता मान न वळवता हळूच म्हणाला, “बाबा, धरा ना.”

यावेळी गडी हसले नाहीत.

पंक्चर निघालं, पाइपाची तुटलेली पट्टी तारेनं आवळली. सखूबाईनं संत्री बांधून दिली, झिबलनं ठोकळा मागं बांधून दिला आणि म्हणाला, “बुढेबा, पुढच्या हंगामातही तुमीच या सोबत.” वाटेत बाजारगावला आम्ही थांबलो नाही. मी डोळे मिटले नाहीत.

दिवस असतानाच घरी पोचलो. वसंता गाडी भिंतीला टेकवून धूळ पुसत राहिला. पुसायला काही उरलं नाही तरी पुसत होता. निकाल विचारत नव्हता. तुझी वहिनी फाटका सदरा बघून माझ्याकडं बघू लागली. मला ‘हो’ म्हणवेना आणि ‘नको’ही म्हणवेना. भीती माझी गेलेली नाही गोदी, ती माझ्याबरोबरच जाईल. पण ते पोरगं त्या रस्त्यावर किती सुखात असतं ते मी मागून बघितलं होतं.

मी ठोकळा सोडला, आत नेला आणि माझ्या खाटेखाली ठेवला. म्हटलं, “हा इथं राहील. गाडीचं काम निघालं की मला उठवायचं. याच्याशिवाय आणि माझ्याशिवाय तिला उचलायची नाही.”

वसंतानं फडकं घडी करून गादीवर ठेवलं. मग, “हाव बाबा,” म्हणाला आणि सदरा बदलायला आत गेला.

तेव्हा मनोहरला घेऊ दे. पण तिचा स्टँड शाबूत आहे का ते आधी पाहा म्हणावं, आणि बाहेरचा पाइप बसवायचाच असेल तर स्टँड काढू देऊ नको. बसवला असेलच, तर तो कुठल्या बाजूनं जातो आणि खालच्या नळ्यांमधे अंतर किती, हे सुतळीनं मोजून ती सुतळीच पाकिटात घालून पाठव. झिबलनं बाभळीचा दुसरा तुकडा दिला आहे, खाच तेवढी पाडायची राहिली. माझ्यासारखा उशीर करू नकोस. सुतळी येईपर्यंत मला झोप लागणार नाही.