ग्लासातला पांढरा धागा

आमच्या क्वार्टर्समागची पडीक जागा आम्ही भांडून मिळवली आणि मी घरटी एकेक वाफा वाटून दिला. तेव्हापासून कुणाच्या टोमॅटोने मान टाकली, की तो माणूस इस्त्रीवाल्या आक्काच्या दारात. आक्का माती चिमटीत धरून बघायची. "लाड कमी करा, पाण्याने मुळं कुजलीत," म्हणायची. पानं एका अंगाने पिवळी आणि देठ आतून तपकिरी असला, तर बुरशी.

यंदा लेकीच्या बाळंतपणाला जाताना तिने वाफा शेजारच्या शिलाईवालीवर सोपवला. दोघींचं एवढं गूळपीठ, की एकीला ठेच लागली तर दुसरी "आई गं" म्हणायची. टोमॅटोच्या बगलेतले जादा कोंब छाटायची सुरीही दोघींत एकच.

आक्का परतली तर बहुतेक झाडं हिरवी, पण माना खाली. माती ओली. तिने एक देठ कापून काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात धरला. आम्ही भोवती उभे. देठातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरला.

"हे जिवाणू. मर लागलीय," आक्का म्हणाली. "औषध नाही हिला. या मातीत आता कितीतरी वर्षं टोमॅटो नाही."

मग ती ओळीने चालत गेली. फाटकाजवळचं झाड पार वाळलेलं, मधली कोमेजलेली, शेवटचं नुकतंच झुकलेलं.

"छाटणी फाटकाकडून केलीस ना गं?"

आक्काने शिलाईवालीच्या वाफ्याकडे बघितलं. तिच्या वाफ्यात कोवळा पालक उगवला होता.

"तुझे टोमॅटो?"

"उपटले. तू गेलीस आणि लगेच कोमेजून बसले."

"धागा बघितलास?"

"बघितला."

"आणि सुरी न धुता माझ्या झाडांना लावलीस? धुवायची, हे तुला मीच शिकवलं ना?"

"माझी सगळी गेली, आक्का. आणि येणारा-जाणारा तुझ्याच झाडांपाशी थांबत होता. नाही बघवलं मला."

माझं टाळकं सटकलं. "खाल्ल्या घरचे वासे मोजणारी! हिचा वाफा आत्ता काढून घेते!"

"गप गं, पुढारीण. त्याने माझी माती बरी होणार आहे?" आक्काने सुरी पालकाच्या कडेला ठेवली. "ही तुलाच राहू दे."

आता आक्का मका लावते. लोक अजूनही कोमेजलेली झाडं घेऊन येतात, ती बघून सांगते. पण नवी सुरी कुणाच्या हातात देत नाही. परवा मी मागितली, तर म्हणाली, "तुझी आण."