धाकटीच्या दारातला काटेवाला

काटेवाले, ‘माझ्यात लिहिण्यासारखं काय आहे?’ असं तुम्ही विचारलंत. तो प्रश्न तुमच्यापाशीच ठेवा. मी वाचणाऱ्यांना सांगते.

हा माणूस दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करतो. पारड्यात काही टाकण्याआधी काटा शून्यावर आहे ना, हे बघायचं, ही त्याची शिस्त. धाकट्या बहिणीचं शून्य मात्र त्याला कधी सापडलं नाही. सकाळी दादा देवमाणूस, संध्याकाळी गळेकापू. मध्ये फक्त फोन उचलायला उशीर झालेला. एकदा डॉक्टरांनी ‘व्यक्तिमत्त्व विकार’ असं नाव सांगितलं, उपचारांनी फरक पडतो असंही म्हणाले. “विकार असेल तुमच्या घरात,” म्हणून धाकटी जी उठली, ती पुन्हा गेलीच नाही.

मग काटेवाल्याने अक्कल चालवली. “एक काटा पोचवायचाय, चल सोबतीला,” म्हणत तिला समुपदेशक बाईंच्या दारापर्यंत नेलं. काटा काखेत. धाकटीने पाटी वाचली.

“इथे काय तोलतात, दादा? माझं डोकं?”

तेव्हापासून तिचं दार बंद. आईवडील नाहीत, मैत्रिणी टिकत नाहीत. भावासाठीचं हे एक दारही कायमचं बंद झालं तर ती अगदी एकटी पडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बाई म्हणाल्या, “त्या येत नसतील तर तुम्ही या.” तो गेला. बिघाड कुठे, कशाने, केव्हा, असं त्यानेच बाईंना खोदून खोदून विचारलं. बाईंनी सांगितलं, “खरं-खोटं करत बसू नका. त्यांना काय वाटतंय ते आधी ऐका. पाळता येईल तेवढंच कबूल करा. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलल्या, तर मात्र लगेच मदत बोलवा.”

तो दारात जाऊन म्हणाला, “फसवून नेलं. चुकलो.” पुढच्या रविवारी साखळीपुरतं दार उघडलं.

“कशाला आलास? आता येणार नाही, हे सांगायला?”

एरवी तो ‘असं कधी म्हटलं मी?’ म्हणून भांडला असता. “तशी भीती वाटली होय तुला?” त्याने विचारलं.

“मोठा आला मनकवडा.” साखळी निघाली.

त्याला एक गंमत लक्षात आली. तो निघाला की ती भडकते असं नव्हे. निघायच्या जरा आधी भडकते. म्हणून तो आल्याआल्याच सांगू लागला, “पाच वाजता जाणार, रविवारी येणार.” तिने कधी कप आपटला, कधी शिव्या घातल्या. तो पाचलाच उठला आणि रविवारी आला.

एकदा भाजी निवडताना तीच म्हणाली, “त्या तुझ्या बाईंच्या खोलीला पडदे कसले आहेत?”

“येऊन बघ की.”

“फक्त पडदे बघेन. बोलणार नाही. गुरुवारी ने.”

गुरुवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून हजर. “मी? पडदे बघायला? वेड लागलंय का तुला?” धाकटी म्हणाली.

‘तूच म्हणाली होतीस,’ हे त्याने ओठांवरच अडवलं. “बरं. चहा टाकतेस?”

तिने चहा टाकला. अजूनही मध्येच विचारते, “हिरवे आहेत का रे?” तो रंग सांगत नाही. पडदे बघायला जाणं राहिलंय.