घसरता रुपया

दादाची नात मुक्ता परीक्षेसाठी विनिमय दराचा आलेख काढत होती. पेन्सिलीची रेघ उजवीकडे उतरत चालली होती. "भाऊआजोबा, रुपया घसरला की फायदा कोणाला?"

हा विषय मी जन्मभर शिकवला. "निर्यातदारांना," मी म्हणालो, "आणि परदेशातून घरी पैसे पाठवणाऱ्यांना."

शेजारी वहिनी मेथी निवडत होत्या. "म्हणजे आम्हाला! मग मी श्रीमंत कशी नाही झाले गं?" त्या हसल्या.

त्या रेघेवर वर्षं असतात, भाव असतो. त्या वर्षांत माणसं कुठे होती, ते दिसत नाही. दादा मस्कतला उन्हात बांधकामावर होता. "आता कायमचा परत येतो," असं त्याने मला कळवलं होतं. मी तेव्हा एम.ए.ला होतो आणि शिकलेलं सगळं डोक्यात गेलं होतं. मी लिहिलं, रुपया आणखी पडणार आहे, वर्षभर थांब, तेवढ्याच रियालांचे जास्त रुपये होतील. तो थांबला. त्याच उन्हाळ्यात तिथेच गेला.

"त्या वर्षी येणार म्हणाले होते," वहिनी नेहमीसारखं म्हणाल्या. "का राहिले, कोण जाणे."

इतकी वर्षं या वाक्यापाशी मी गप्प बसत आलो. आज म्हणालो, "मी थांबवलं त्याला, वहिनी. पत्र लिहून. रुपया पडेल म्हणून."

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"मग पडला का?" वहिनींनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "अगदी मी लिहिलं होतं तसाच."