न प्यायलेली दारू

सुरतेत, उधन्यातल्या आमच्या गल्लीत भिकन दारू पितो हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गुजरातेत दारूबंदी आहे, पण बंदीपायी कुणाचा घसा कोरडा राहिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, त्यामुळे कुणाला त्यात नवल वाटलं नाही. महिन्या-दीड महिन्यातून एकदा तो लूमच्या कारखान्यातून भिंत धरत यायचा, गटारीवर वाकून ओकायचा आणि घरात अंधार करून पडायचा. बायको उषाबाई मुकाट्याने दार लावून घ्यायची. बाकीची कहाणी आम्ही बाहेर बसून पुरी करायचो. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

खरी गोष्ट अशी, की भिकन दारूचा थेंबही घेत नव्हता. हे उषाबाईनेच मला सांगितलं, पण फार उशिरा.

त्याला अर्धशिशी होती. धुळ्याकडून सुरतेला येऊन तो कामाला लागला, त्याच वर्षी एकदा लूमवर उभा असताना त्याच्या डोळ्यांपुढे चमचम सुरू झाली, समोरचं अर्धं कापड दिसेनासं झालं आणि तो मागच्या मोरीपाशी जाऊन ओकत बसला. थोड्याच दिवसांपूर्वी शेठने एका कामगाराला, चक्कर येऊन पडला म्हणून, 'ह्याला फीट येते' असं ठरवून घरी पाठवलं होतं. भटू मुकादम मागून आला आणि हसत म्हणाला, "काय रे भिकन, रातले जास्ती व्हयनी का?" भिकनने मान डोलावली. बेवड्याला मुकादम शिव्या देतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर उभा करतो. डोक्याचा आजार असलेल्याला चालत्या मशीनजवळ कोण येऊ देईल? त्या दिवशी वेळ निभावली, पण नाव पडलं ते पडलंच. पुढे प्रत्येक वेळी त्याने तेच होऊ दिलं. मुकादम आमच्याच गल्लीत राहायचा, म्हणून घरातही तोंड बंद. उषाबाईला शपथ घातली. पोरगी लहान होती, कुठे काय बोलून बसेल, म्हणून तिलाही सांगितलं नाही. उषाबाईला मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पोरगी हर्षदा मोठी झाली ती बेवड्याची पोरगी म्हणून. बारावीनंतर कॉम्प्युटर शिकून ती नरेशभाईच्या सायबर कॅफेत लागली. बापाशी तिचं बोलणं ताट वाढण्यापुरतं. पोरगी हुशार होती, तिखट होती, आणि मला विचाराल तर तिचं काही चुकत नव्हतं. जे दिसत होतं ते ती मानत होती.

नव्याण्णव साली तिचंही अर्धं डोकं ठणकायला लागलं. कॉम्प्युटरच्या उजेडाने तर हमखास. कॅफेतून कुणी विचारायला आलं की दारात उभी राहून ती सांगायची, "कुछ नहीं, पित्त झालंय." आत पडलेल्या भिकनला ते ऐकू जायचं. काम जाऊ नये म्हणून पोरगी आपल्यासारखीच खोटं बोलते आहे, आणि आपल्यासारखंच बेमालूम बोलते आहे, हे त्याला कळत होतं. त्याची त्याला लाज वाटे, पण लाज वाटून माणूस बोलतोच असं नाही.

अशात हर्षदाला कॉम्प्युटरवर एक बातमी सापडली. परदेशातले डॉक्टर याच दुखण्यावर इंटरनेटवरून परिषद भरवणार होते. रोग्यांनी आपापल्या गावी कॉम्प्युटरपुढे बसायचं, प्रश्न लिहून पाठवायचा, डॉक्टर लगेच लिहून उत्तर देणार. दिवस रविवारचा. 'मैत्रिणीसाठी हवंय' असं सांगून तिने नरेशभाईकडून संध्याकाळी एक मशीन मागून घेतलं. सोबतीला आई जाणार होती.

मग घरात आठवडाभर परीक्षेची तयारी असावी तसं चाललं. डिक्शनरी आली. उजेडाचा त्रास नको म्हणून काळा गॉगल आला; तो घालून ती आरशापुढे बसली तेव्हा उषाबाईला हसू आवरेना. फोनची लाइन कधीही तुटते, म्हणून उत्तरं आधीच इंग्रजीत लिहून न्यायची होती. काय काय विचारतील ते डॉक्टरांनी कळवलंच होतं. हर्षदा एकेक प्रश्न वाचायची, आईला समजावायची आणि उत्तर लिहायची.

शनिवारी भिकन जेवत असताना ती तिथेच लिहीत बसली होती.

"आईबापमां कोन्हाले असा त्रास शे का," तिने वाचलं. "माय, तुले तर नही."

"नही," उषाबाई म्हणाली आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

"आबानं सोड. ते दारूनं डोकं. तेवढा लांबना डॉक्टरसमोर तरी माले बापनी लाज नको."

भिकनचा घास हातातच राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर विचारताहेत म्हणजे पोरीच्या औषधाशी त्याचा काहीतरी संबंध असणार, एवढं त्यालाही कळत होतं.

"लिख," तो म्हणाला. "बापले बी शे. दारू मी कधी पिदीच नही."

हर्षदाने मान वर केली नाही. "समदा पेणारा हाईच सांगतस, आबा."

"पहिले नाकजवळ बारीक टिकली चमकस," भिकन खाली बघत म्हणाला. "मंग ती वाढस. करवतना दातनागत व्हस आणि कानकडे सरकत जास. अक्षरं अर्धाच दिसतस."

हर्षदाचा हात थांबला. ही चमचम तिने कुणालाच सांगितली नव्हती. घरचे भगताकडे नेतील या भीतीने आईलाही नाही. तिने आईकडे पाहिलं. उषाबाईने डोळ्यांना पदर लावला होता. मग भिकनने सगळं सांगितलं; फीट येणारा कामगार, मोरी, मुकादम. सांगून झाल्यावर त्याला हलकं वाटलं असेल असं कुणाला वाटेल. पण तो आणखीच आक्रसून बसला.

हर्षदाने विचारलं, "मागला वैशाखमां पाव्हणा ऊनात, तवय?"

चिमठाण्याहून तिला बघायला पाहुणे आले होते. भिकन डोकं बांधून ओट्यावर बसला होता. मध्यस्थ म्हणून भटू मुकादमच शेजारी होता. पाहुण्यांपैकी एकाने भिकनकडे बघत हळूच विचारलं, "घेतात का?" पोरीच्या बापाला डोक्याचा आजार आहे, उद्या तो लेकरांत उतरेल, असं कळण्यापेक्षा दारू परवडली, असं भिकनला तेव्हा वाटलं. त्यात मुकादम बसलेला. भिकन गप्प राहिला. पाहुणे चहा तसाच ठेवून उठले. हर्षदा पडद्याआडून बघत होती. बाप प्यायलाय, त्याला कुठली शुद्ध, असं म्हणून तिने तेवढं एक त्याला माफ केलं होतं.

"तवय तू शुद्धवर व्हता?" तिने विचारलं.

"व्हतू," भिकन म्हणाला.

हर्षदाने पेन उचललं, इंग्रजीत 'वडील - होय' असं लिहिलं, आणि आईला सांगितलं की उद्या ती एकटीच जाईल.