ताण बरोबर व्हता

जगात माणसांचे दोनच प्रकार, तार ताणून बसवणारे आणि ढिली सोडणारे, असं आमच्या आतोबांचं ठाम मत होतं. आणि पहिल्या प्रकारात त्यांच्या मते सबंध नाशिक जिल्ह्यात एकच माणूस होता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. देवळाली कॅम्पच्या अलीकडे त्यांचा झेंडूचा आणि कोबीचा मळा, पण शेती हा नुसता जोडधंदा. मूळ व्यवसाय कुंपण. लोक पिकासाठी कुंपण घालतात. आतोबांनी पीक लावलं ते कुंपणाच्या आत काहीतरी असावं म्हणून. सकाळी देवपूजेच्या आधी ते बांधाबांधाने फिरत, प्रत्येक तारेला नखाने टिचकी मारत आणि कान लावून ऐकत. आमच्या घरी आले की कपडे वाळत घालायची तार त्यांना बघवत नसे. "लय लोंबती रं ही," म्हणून एकदा त्यांनी ती अशी आवळली, की संध्याकाळी खिळा, प्लास्टर आणि माझ्या बायकोच्या ओल्या साड्या एकदमच खाली आल्या. "खिळा कच्चा हाय. ताण बरोबर व्हता," एवढंच बोलून ते चहाला बसले.

हत्यारखरेदी हा तर सोहळाच. नाशकातल्या द्वारका चौकातल्या हार्डवेअरवाल्याला ते लांबून दिसले, की तो जेवायला निघून जाई, मग वेळ कुठलीही असो. आतोबा खिशात स्वतःची तार घेऊन जात आणि दुकानातल्या प्रत्येक पक्कडीने तिचा तुकडा पाडून बघत. दुकानात अनवाणी फिरायची सोय राहत नसे. "काका, घ्यायची का नाय?" असं एकदा नोकराने कळवळून विचारलं, तर म्हणाले, "अरे, पोरगी सुदिक चारदा बघत्यात. हिच्यासंगं जन्म काढायचाय." मी हे घरी सांगितलं. आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, "मला एकदाच बघितली व्हती. ती बी कंदिलात."

या सगळ्या हत्यारांची राणी म्हणजे कॅम्पच्या भंगार बाजारातून आणलेली एक पक्कड. विकणाऱ्याने ती 'मिलिटरीची' म्हणून सांगितली होती आणि आतोबांनी तेवढ्यावर तिला देवत्व दिलं होतं. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ती देवघरात ठेवलेली असे. खंडेनवमीला पहिलं झेंडूचं फूल तिला. तिने मात्र उभ्या जन्मात काही कापलं नव्हतं. "धार जाती," आतोबा सांगत.

या वेडाचं मूळ नव्वदच्या दशकातल्या एका भांडणात होतं. शेजारचा मळा धाकट्या भावाचा. त्याने नांगराच्या एका तासाएवढा, म्हणजे वीतभर, बांध कोरला, असा आतोबांना संशय आला. त्यांनी बोलणं टाकलं आणि मधे काटेरी तार ओढली. पुन्हा कोणी बोट दाखवायला नको म्हणून खांब रोवले ते स्वतःच्या जमिनीत, चांगले आत सरकून. भावाने कोरल्याचा आरोप होता त्याहून जास्त जमीन त्यांनी अशी आपल्या हाताने पलीकडे सोडली. कुंपणच शेत खातं हे मी ऐकून होतो, पण मालक त्याला घास भरवताना तिथेच पाहिला. भावाने त्या पट्टीत निमूटपणे मेथी लावली.

पण या कुंपणात एका जागी तार सतत लोंबायची. आतोबा आवळत, आठवड्यात ती पुन्हा ढिली. "त्याची शेळी घुसती. शिकवून सोडतोय तो," असं म्हणून ते तार ताणायचं आणखी भारी यंत्र आणायला द्वारका चौकात जात. शेळी कोण ते सगळ्या मळ्याला ठाऊक होतं. दुपारी हे झोपले, की आत्या खालची तार पायाने दाबून, वरची हाताने उचलून धाकट्या जावेकडे जाई. जाऊ बिचारी मोठ्या दिरांच्या धाकाने इकडे पाऊल टाकत नसे, आणि रस्त्याने जायचं तर लांबचा वळसा, वर गावभर बोभाटा. त्या तासाभराच्या गप्पांवर आत्याचा उरलेला दिवस चाले.

मग आत्याचे गुडघे गेले. वाकणं संपलं, जाणं संपलं. तार आता ताणलेली ती ताणलेलीच राहिली. आतोबांनी टिचकी मारली, हवा तसाच आवाज आला, आणि ते परत फिरले. आत्या ओट्यावर बसून नुसती त्या बाजूला बघत राही. आतोबांनी मुद्दाम भाजीला नावं ठेवली, ती म्हणाली, "उद्या नीट करते." असं उत्तर संसारात पहिल्यांदाच मिळालं. आतोबा घाबरलेच.

दुसऱ्या दिवशी मी तिथे होतो. आतोबांनी देवघरातून मिलिटरीची पक्कड काढली, त्या जागी गेले आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या तारा कापल्या. टोकं मागे वळवून, साडी अडकू नये म्हणून त्यांवर धोतराच्या चिंध्या गुंडाळल्या. पलीकडे मेथीतून भाऊ उठून उभा राहिला. आतोबा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "धार बघत व्हतो."

"चांगली हाय का?" भावाने विचारलं.

"हाय."

इतक्या वर्षांनी दोघे एवढंच बोलले. ओट्यावर आत्या पदराने डोळे पुसत होती.

आता आतोबा फार थकलेत. त्या खिंडारात खुर्ची टाकून दिवसभर बसतात, खऱ्या शेळ्या हाकायला. दुपारी आत्या काठी टेकत आली, की उठून खुर्ची बाजूला घेतात आणि ती परत येईपर्यंत तिथेच उभे राहतात.