हॅशपुढची ओळ

रेकॉर्ड रूमच्या हेडक्लार्कांचा आवाज म्हणजे भोंगाच. एकतीस वर्षं नकाशे सांभाळले, पण कुणाचा एक शब्द म्हणून ऐकून घेतला नाही. ऑफिसात स्क्रिप्टिंगचा, म्हणजे कॉम्प्युटरला कामाच्या सूचना लिहून द्यायचा वर्ग सुरू झाला आणि स्वारीची बोलती बंद झाली. व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा, इथवर ठीक होतं. तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारं लूप आलं की डोकं गरगरायचं. परीक्षा एवढीच, की स्कॅन केलेल्या नऊशे नकाशांची नावं स्क्रिप्ट लिहून बदलायची. नाही जमलं तर खुर्ची दुसऱ्याला.

शेवटी अडला हरी! त्यांनी गुपचूप सुनेला गाठलं. ती पूर्वी एका कंपनीत हेच काम करायची. नात झाली तेव्हा "घरात काय कमी आहे?" म्हणून यांनीच तिला नोकरी सोडायला लावली होती. ती हात पुसून बसली आणि अर्ध्या तासात वीस ओळी लिहून दिल्या.

वर्गात नऊशे नावं झटक्यात बदलली.

"स्वतः लिहिलंत?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

"मग काय! केस पिकले म्हणून डोकं गंजलं नाही अजून."

बाईंनी कौतुकाने स्क्रिप्ट पडद्यावर लावली. "हे बघा, ही # खूण म्हणजे हॅश. हॅशपुढची ओळ मशीन वाचत नाही. ती माणसांसाठी असते." आणि भरात वाचूनही टाकली, "बाबा, इथे फक्त फोल्डरचं नाव बदला. बाकी कशालाही हात लावू नका. घाबरू नका, जमेल तुम्हाला."

वर्ग खो-खो हसला. अहो, ती ओळ काय त्यांनी पाहिली नव्हती? पण हात लावू नका म्हटल्यावर खोडायचं धाडस कुठून आणणार! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं त्यांना. हसण्यापेक्षाही ते 'घाबरू नका' फार लागलं.

बाई ओशाळल्या. मग हळूच म्हणाल्या, "काम फार स्वच्छ आहे हो. कोण या? कुठे असतात नोकरीला?"

"सून माझी. घरी असते. मीच बसवली," ते पुटपुटले.

"काय म्हणाले?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. "ऐकू नाही आलं."

मग हेडक्लार्क उभे राहिले आणि सगळं पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितलं.